हरल्यावर शिव्या कुणाला?

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं मंगळवेढ्याकडं मास्तरच्या शेतात हुरडा खायला जातो आणि आगटीभोवती बसून वर्षातला बेस्ट स्पोर्ट्स गेम ठरवतो. कुणी विचारलेलं नसतं आणि आमच्या मताला कुत्रं विचारत नाही, पण दहा-बारा वर्षं चाललंय ते चाललंय. तिघं म्हणजे मी, मास्तर (खरंच शाळेत मास्तर आहे) आणि टॉवेल. टॉवेलच्या घरचा टॉवेलचा कारखाना आहे, कॉलेजात पहिल्या दिवशी त्यानं ओळख करून देताना हे सांगितलं आणि त्याचं खरं नाव तिथंच संपलं.

यावर्षी मास्तर कणीस चोळता चोळता म्हणाला, "ते ग्राफिक्स, गेमप्ले सोड बे. मला एवढंच सांग, हरल्यावर तू शिव्या कुणाला घालतोस?"

टॉवेल म्हणाला गेमला. मी म्हणालो स्वतःला. मास्तर म्हणाला, "मग तुम्ही दोघं वेगवेगळे गेम खेळायलाय."

म्हटलं तर फालतू डायलॉग आहे, पण परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं, आणि मग लक्षात आलं की आपण इतकी वर्षं जे मार्क देत बसलो त्यात हीच एक गोष्ट मोजली नाही. हरून गेमला शिव्या घातल्या तर गेम बाद. स्वतःला घातल्या तर गेम चांगला. आणि शेजारी बसलेल्याला घातल्या तर त्याच्या वर काही नाही.

बघा ना, क्रिकेट ०७. ईए नावाच्या गेम कंपनीनं २००६च्या शेवटी काढला आणि त्यानंतर क्रिकेटचं नावच घेतलं नाही, तो त्यांचा शेवटचा क्रिकेट गेम. आमच्या पिढीनं तो नवी पेठेच्या मागं एका कॅफेत खेळला, वीस रुपये तास, सहा पीसी, एक पंखा. मे महिन्यात सोलापूरला पंख्याची हवा म्हणजे कुणीतरी तोंडावर तवा धरल्यासारखी. कॉमेंट्रीला रिची बेनो आणि मार्क निकोलस, इंग्लिश निम्मं कळायचं नाही पण बेनोनं कौतुक केलं की टोनवरून कळायचं. तिघांत एक पीसी, एक ओव्हर तू एक ओव्हर मी. मास्तर आऊट झाला की म्हणायचा कीबोर्डची कळ अडकली, आणि त्या कीबोर्डची कळ खरंच अडकायची, त्यामुळं भांडण कधी मिटलंच नाही. एकदा टेस्टच्या चौथ्या इनिंगला बारा रन पाहिजे होते, दोन विकेट हातात, आणि लोडशेडिंग. कॅफेत एकदम अंधार, सहाही पीसी ढप्प. यूपीएस होते पण त्यातल्या बॅटऱ्या बहुतेक आमच्याहून म्हाताऱ्या होत्या. त्या दिवशी लाईटला शिव्या पडल्या. ती मॅच आम्ही जिंकली असती असं मी आजही म्हणतो, टॉवेल आजही नाही म्हणतो.

तो गेम अजून जिवंत आहे, लोक अजून पॅच टाकून नवीन टीम, नवीन किट भरतात. पण मी यावर्षी पुन्हा त्यालाच नंबर देणार नाही. प्रत्येक वर्षी जुन्या गेमला हार घालून घरी जायचं ही आळशी सवय आहे, आणि खरं सांगू का, त्यातली फिल्डिंग कायम वाईट होती.

तर २०२५.

आधी मोठ्या लोकांनी काय ठरवलं ते. द गेम अवॉर्ड्समध्ये स्पोर्ट्स आणि रेसिंगला एकच बक्षीस असतं, हेच मला पटत नाही. २०२१ला फोर्झा होरायझन ५, २०२२ला ग्रॅन टुरिस्मो ७, २०२३ला फोर्झा मोटरस्पोर्ट, म्हणजे सलग तीन वर्षं स्पोर्ट्सचं बक्षीस गाड्यांनी नेलं. २०२४ला एकदाचं फुटबॉलच्या एफसी २५ला मिळालं. आणि २०२५ला मारिओ कार्ट वर्ल्ड! चोवीस जण एका रेसमध्ये, कासवाचं कवच फेकून मारायचं, केळ्याची सालं टाकायची, आणि गाडी चालवणाऱ्यांत एक गाय पण आहे. आपल्याकडं गाय रस्त्याच्या मधे बसते, तिथं ती रेस जिंकते. हा गेम ज्यावर चालतो ते निन्टेंडोचं स्विच २ आमच्या तिघांत कुणाकडंच नाही, टॉवेलच्या साडूकडं आहे, तिथं आम्ही एक रविवार खेळलो आणि मास्तरच्या नियमानं बघितलं तर हा गेम पहिला यायला पाहिजे, कारण चार माणसं एका सोफ्यावर बसून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होती. पण खेळ म्हणून मी त्याला घेणार नाही. का ते मला नीट सांगता येत नाही. खेळात नियमाचं ओझं पाहिजे, असं काहीतरी.

टॉवेलचं मत ठरलेलं, ईएचाच एफसी २६. हा माणूस १९९८पासून फुटबॉलचा तोच गेम दरवर्षी घेतो, फिफा नाव होतं तेव्हा फिफा, २०२३ला नाव गेलं तर एफसी, उद्या नाव तुळजाभवानी ठेवलं तरी घेईल. यावेळी त्यांनी एक काम मात्र शहाणपणाचं केलं, गेमप्लेचे दोन प्रकार केले, ऑनलाईनसाठी एक फास्ट, काँपिटिटिव्ह म्हणून, आणि करिअर मोडसाठी एक संथ, ऑथेंटिक म्हणून. याचा अर्थ इतकी वर्षं दोन वेगवेगळ्या लोकांना एकच भाजी वाढत होते हे त्यांनी कबूल केलं. ऑथेंटिकवर मी वीसेक तास खेळलो, डिफेंडर खरंच जागेवर राहतात, मॅच एक-शून्यनं संपते, एक-शून्यनं हरलं तर रात्री झोपताना आठवतं की अरे तो पास मी उगाच दिला. म्हणजे स्वतःला शिवी. पास.

पण टॉवेल खेळतो अल्टिमेट टीम, आणि तिथं सगळं बदलतं. फिफात ही भानगड २००९ला फिफा ०९पासून सुरू झाली, पत्त्याचं पाकीट फोडायचं, आत कोण खेळाडू निघेल माहीत नाही, पाकीट खेळून कमवा नाहीतर पैसे देऊन घ्या. बेल्जियमनं याला जुगार म्हटलं आणि २०१९च्या सुरुवातीला ईएला तिथं पाकिटं घ्यायचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं. मी नैतिकतेचं बोलत नाही हो, मी स्वतः एका गेममध्ये, नाव नाही घेत, फुटबॉलचा नव्हता, दिवाळीच्या बोनसमधले तीन हजार रुपये एका रात्रीत पाकिटं फोडण्यात घातलेत आणि बायकोला हेडफोन बिघडला म्हणून सांगितलंय. (ती हे वाचणार नाही. वाचलं तर हेडफोन पण बिघडला होता.) माझा मुद्दा वेगळाय. पाकिटवाल्या गेममध्ये हरलं की डोक्यात पहिला विचार येतो, समोरच्यानं पैसे टाकलेत. शिवी ना स्वतःला लागते ना समोरच्याला, ती कंपनीच्या नाहीतर पाकिटाच्या नावानं हवेत जाते. हार पोटात उतरतच नाही. आणि हार उतरली नाही तर जिंकणं तरी कसं उतरणार? टॉवेल परवा ऑनलाईन सहा-एकनं जिंकला आणि मला फोन करून म्हणाला, "समोरचा मधेच पळून गेला बे." आवाजात आनंद कुठंच नव्हता.

पळून जाण्यावरून आठवलं, रेज क्विट, म्हणजे हरताना चिडून मधेच गेम सोडणं, ही काही या पोरांनी काढलेली गोष्ट नाही. १९४८चा डिसेंबर, पुण्यात पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा रेकॉर्ड होता नाबाद ४५२, गाठायला फक्त नऊ रन कमी. लंचला काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले आम्ही मॅच सोडतो. असं सांगतात की आपल्या टीमचं नाव त्या रेकॉर्डला चिकटायला नको होतं. महाराष्ट्र ४ बाद ८२६, मॅच संपली, समोरची टीम सामान बांधून निघून गेली. निंबाळकरांचे ते ४४३ आजही भारतीय खेळाडूचे फर्स्ट क्लासमधले सर्वाधिक आहेत, आणि या माणसाला एकही अधिकृत टेस्ट खेळायला मिळाली नाही. आजच्या गेममध्ये समोरचा पळाला तर निदान जिंकल्याचे पॉइंट तरी मिळतात, निंबाळकरांना ते नऊ रन कोण देणार.

असो. मास्तरचं मत फुटबॉल मॅनेजर २६ला. हा गेम म्हणजे एक्सेल शीटवर फुटबॉल, मास्तर शाळेत कॅटलॉग भरतो आणि घरी येऊन परत कॅटलॉगच भरतो. २०२५चा भाग त्यांनी फेब्रुवारीतच रद्द केला होता, तयार नाही म्हणून, मला तो निर्णय आवडला होता खरं तर, अर्धं कच्चं वाढण्यापेक्षा आज जेवण नाही म्हणावं. नोव्हेंबरात २६ आला, नवीन इंजिन, पहिल्यांदाच बायकांचं फुटबॉल, आणि मेनू असे केलेत की मास्तरला स्वतःचा गोलकीपर सापडायला दोन दिवस लागले. तरी त्याचं मत त्यालाच. म्हणाला, "इथं मी हरलो तर तो माझाच निर्णय असतो, पोरं फक्त पळतात." शाळेबद्दल बोलत होता का गेमबद्दल कळलं नाही.

एफ-वन २५ मी खेळलो, काही सर्किट उलट्या दिशेनं चालवता येतात, चार दिवस मजा. डब्ल्यूडब्ल्यूईचा २५ पण बघितला. लाल मातीतली कुस्ती बघत वाढलेल्या गावात त्यावर जास्त बोलत नाही.

माझं मत रीमॅचला गेलं. जूनमध्ये आला, पॅरिसच्या स्लोक्लॅपचा, आधी त्यांनी सिफू केला होता, म्हणजे मारामारीवाले लोक फुटबॉलला आले. यात अख्खी टीम नाही चालवायची, एकच खेळाडू, तुम्ही. पाच विरुद्ध पाच, ऑफसाईड नाही, फाऊल नाही, बॉल भिंतीला आपटून परत येतो म्हणून थांबणं नाही. पास आपोआप जात नाही, बघून, नेम धरून द्यावा लागतो. आणि गोलकीपर वेगळा नसतो, पोस्टजवळ जो असेल तो कीपर. पहिले तीन दिवस मी बॉलच्या मागं धावलो, दहाच्या दहा जण बॉलच्या मागं, अगदी पार्क मैदानावर लहानपणी खेळायचो तसं, धुळीचा एक ढग आणि त्यात कुठंतरी बॉल. चौथ्या दिवशी कळलं की थांबायचं असतं. मोकळ्या जागेत जाऊन नुसतं उभं राहायचं आणि कुणीतरी बघेल म्हणून वाट बघायची, आणि नाही बघितलं तर परत मागं यायचं. फुटबॉलमध्ये बॉल नसताना काय करायचं हे मला छत्तीसाव्या वर्षी एका व्हिडिओ गेमनं शिकवलं. त्यात हरलो की दरवेळी माझं चुकलेलं असतं, मी पोस्ट सोडून पुढं गेलेलो असतो, रीप्लेमध्ये दिसतो मी, वेड्यासारखा पुढं पळताना.

एकच दुखणं, तो फक्त ऑनलाईन आहे. एका टीव्हीवर दोन पॅड लावून दोघं खेळू शकत नाही. शेजारी कुणी नाही. व्हिडिओ गेमची सुरुवातच उलटी होती हो. १९५८ला ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत, लोक बघायला येणार म्हणून हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञानं ऑसिलोस्कोपवर टेनिस केलं, दोन माणसं, दोन बटणं, एक ठिपका. स्कोअर सुद्धा नव्हता त्यात, पण समोर माणूस होता. १९७२चा पाँग पण तसाच, दोघं असतील तरच खेळा.

हुरड्याच्या राखेत बोटं पोळली तरी निकाल काही लागला नाही, एक-एक-एक. मग मास्तरनं शाळेचा विषय काढला आणि बोलणं खो-खोवर गेलं. जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही कॅप्टन मराठी, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आणि तरी जगात कुणाला याचा धड एक गेम करावासा वाटत नाही. अरे, हा खेळ तर गेमसाठीच जन्मलाय! आठ जण चौकोनात बसलेत, एकाआड एक उलटं तोंड करून, नववा पळतोय. पळणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. आणि ज्याला पकडायचंय तो मात्र कुठूनही घुसतो, त्याला काही बंधन नाही. म्हणजे पाठलाग करणाऱ्याच्या पायात बेड्या, त्याच्या हातात फक्त एक बटण, खो. पाठीवर हात आणि तोंडानं खो. अर्धा सेकंद लवकर दिला तर समोरचा वळून मागं निसटतो, अर्धा सेकंद उशिरा दिला तर तो आधीच पुढच्या गाळ्यात गेलेला असतो. आणि हुल! खो दिल्यासारखं करून न देणं, याला एक वेगळं बटण पाहिजे. मास्तर म्हणाला बसलेल्या आठ जणांना आठ वेगळी माणसं खेळवायची, आपला नंबर कधी येईल माहीत नाही, पाठीवर थाप पडेपर्यंत नुसतं बसून श्वास धरायचा. पंधरा मिनिटं आम्ही तिघं शेतात काड्यांनी रेघा मारून गेम डिझाईन करत होतो. टॉवेलनं नाव पण ठरवलं, ते सांगत नाही, उद्या कुणी केला तर.

रात्री घरी आलो तर पप्पा आणि भाची टीव्हीसमोर.

पप्पांचं आणि गेमचं गणित सांगायला पाहिजे. ऑगस्टमध्ये तो पैसे लावायच्या ऑनलाईन गेमवरचा कायदा आला तेव्हा पप्पांनी पेपर माझ्यासमोर आपटला, "सरकारनं गेम बंद केलेत, तू अजून खेळायलास?" मी समजावलं की ते पैशाचे गेम बंद झाले, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे. पप्पा म्हणाले, "म्हणजे तू खेळाडू?" तिथून पुढं मी काही बोललो नाही. पण नोव्हेंबरच्या २ तारखेला नवी मुंबईत आपल्या पोरींनी साऊथ आफ्रिकेला ५२ रननं हरवून वर्ल्ड कप जिंकला, ती मॅच पप्पा पूर्ण बसून बघितले, आणि दुसऱ्या दिवशी भाचीनं पुण्याहून फोन करून सांगितलं की नाताळच्या सुट्टीत येते, मला टीव्हीवर पोरींची टीम खेळायचीय. नवीन क्रिकेट २६ नोव्हेंबरातच आलाय, पण आमच्याकडं अजून २४च आहे, बिग अँटचा, मेलबर्नच्या. आपल्या टीमच्या पोरी त्यात लोकांनी बनवलेल्या डाउनलोड करून घेतल्या, एक-दोघींचे चेहरे बघून दीप्ती शर्मा रागावेल, पण चालतंय.

भाची अकरा वर्षांची. तिनंच आजोबांच्या हातात पॅड दिलं. पप्पांनी चौतीस वर्षं मागावर काढलीत, चादरीच्या कारखान्यात, पूर्व भागात, आणि त्या खडखडाटानं कान गेलेत पण बोटं आणि डोळे शाबूत आहेत. घरात आहेर म्हणून चादर आली की ते आधी घडी मोडून उलटी करतात, उजेडाला धरतात, आणि कुठं एक तार निसटलीय तिथं बोट ठेवतात. आम्हाला बोट ठेवल्यावर पण दिसत नाही. पॅडवर त्यांना पहिले दोन दिवस बटणं सापडेनात, तिसऱ्या दिवशी ते स्वीप मारायला लागले. फक्त स्वीप. यॉर्करला पण स्वीप.

मी आलो तेव्हा पाच ओव्हरची मॅच, शेवटची ओव्हर, पप्पांना दोन बॉलमध्ये चार पाहिजे होते. भाची बॉलिंगला. मी बूट न काढता दारात उभा. पप्पा मान पुढं काढून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही अंगठे ताठ. आणि तेवढ्यात आईनं आतून आवाज दिला, "पाणी आलंऽऽ!"

पाचव्या दिवशी आलं होतं, रात्री पावणेबाराला. सोलापुरात पाणी आलं म्हटल्यावर वर्ल्ड कपची फायनल असली तरी उठावं लागतं. भाची म्हणाली, "आजोबा तुम्ही जा, मी पॉज करते." मोटर लावली, पिंप, टाकी, स्वयंपाकघरातले हंडे, मग बादल्या, मग आईच्या मते रिकामी असलेली प्रत्येक वस्तू, त्यात एक जुना प्रेशर कुकर पण होता. तासभर गेला. पप्पा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, पंच्यानं हात पुसत येऊन बसले. भाची तिथंच, मांडी घालून, अगदी शहाण्यासारखी.

पप्पांनी पॅड उचललं, पण बटण दाबलं नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात फिल्डिंगचा छोटा नकाशा असतो, ठिपके ठिपके, मी तर तो कधी बघत पण नाही. पप्पा वाकून त्याच्याकडं बघत राहिले.

"ही स्क्वेअर लेगची पोरगी हितं नव्हती."

"आजोबा, बॉलिंग माझी आहे. फिल्ड मीच लावणार ना?"

"मी पाणी भरायला गेल्यावर?"

"नियमात कुठं लिहिलंय तसं?"

"नियम?" पप्पा माझ्याकडं वळले, "हिच्या आईला फोन लाव. आत्ताच्या आत्ता."